फळ्याच्या कोपऱ्यातलं वाक्य

(सोलापुरातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दरूप)

मंडळी, नमस्कार. पूर्व भागातल्या एका शाळेत मी 31 वर्षं मराठी शिकवलं. रोज सकाळी प्रार्थनेआधी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात सुविचार लिहायचं काम माझ्याकडे होतं. रंगीत खडूनं, चौकट आखून. इतकी वर्षं रोज एक वाक्य म्हणजे किती वाक्यं झाली ते तुम्हीच मोजा. त्यातली मला स्वतःला किती आठवतात? पंधरावीस. आणि त्या पंधरावीस वाक्यांपैकी कामाला आलेली तीन-चार. आज बोलायचंय ते या तीन-चार वाक्यांबद्दल. बाकीची कुठं गेली आणि हीच का राहिली?

एका सकाळी मी ‘प्रयत्नांती परमेश्वर’ असं लिहिलं होतं. घटक चाचणीचे गुण लागले होते आणि वर्ग खाली मान घालून बसला होता, म्हणून मुद्दाम निवडलेलं. मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी माझ्याजवळ आली. तिची आई विड्या वळायची. हजार विड्यांवर मजुरी मिळते हे पूर्व भागात कुणाला सांगायला नको. आईचे हजार पुरे व्हावेत म्हणून ही पोर रात्री अकरापर्यंत सुपाशी बसून विड्यांची तोंडं दाबत होती आणि त्यानंतर गणितं सोडवत होती. फळ्याकडे बोट करून तिनं एवढंच विचारलं, “बाई, अजून किती?”

मला उत्तर देता आलं नाही. वाक्य खोटं नव्हतं, पण जी पोर आधीच थकून गेली होती तिलाच ते ‘अजून कर’ म्हणत होतं. त्या दिवशी तिला दुसरंच काहीतरी ऐकायला हवं होतं. ‘तू पुष्कळ करतेस’ एवढं कुणी म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिथून पुढं खडू हातात घेतला की माझ्या मनात पहिला प्रश्न यायला लागला, हे वाक्य आज कुणाच्या कानावर पडणार आहे?

मग मी एक केलं. शनिवारचा सुविचार मुलांनी घरून आणायचा. पुस्तकातला चालणार नाही, घरात कुणीतरी खरोखर म्हणत असेल तोच. पूर्व भागातली घरं म्हणजे निम्म्याहून अधिक तेलुगू बोलणारी, पद्मशाली विणकरांची. काही घरांत कन्नड, काहींत दख्खनी. एका मुलानं आजोबांकडून वेमना या तेलुगू कवीचं पद्य आणलं. त्यातल्या दोन ओळी मी देवनागरीत लिहून घेतल्या, अजून वहीत आहेत: ‘अनगननग रागमतिशयिल्लुचुनुंडु, तिनग तिनग वेमु तिय्यनुंडु.’ गात गात राग खुलतो, खात खात कडुनिंब गोड लागतो. आजोबांची हयात चादरीच्या मागावर गेलेली. मागावर नव्यानं बसवलेल्या पोराचा धागा पुन्हापुन्हा तुटतो, तेव्हा ते हे पद्य म्हणायचे, असं त्या मुलानं सांगितलं.

मी चाट पडले, कारण आपल्या तुकोबांचं ‘असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास तुका म्हणे’ हेच सांगतं. हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! पण तो अभंग सुरू कसा होतो, हे मी वर्गाला कधी सांगितलं नव्हतं. तो सुरू होतो विषापासून. ‘साधूनी बचनाग खाती तोळा तोळा, आणिकाते डोळां न पाहवे.’ बचनाग हे जहर. कुणी ते साधून तोळा तोळा खातो आणि दुसऱ्याला ते बघवतसुद्धा नाही. पुढं हातात धरलेला साप येतो, बघणारे थरथर कापताहेत. आणि मग येतं असाध्य ते साध्य. तेलुगूत कडुनिंब, मराठीत बचनाग. दोघांनीही गोड उदाहरण घेतलेलं नाही. दोघांनाही सांगायचंय की ही गोष्ट कडू आहे, जिवावरची आहे, आणि एका दिवसात होत नाही. तोळा तोळा हा शब्द सोडून आपण नुसतं साध्य उचललं, तर ऐकणाऱ्याची फसवणूक होते. महिनाभरात जमलं नाही की त्याला वाटतं, दोष माझाच.

शाळेत दरवर्षी 12 जानेवारीला फळ्यावर ‘उठा, जागे व्हा’ असायचं. विवेकानंद जयंती, युवक दिन. हे मूळ वाक्य कठोपनिषदातलं. यमाच्या तोंडचं, नचिकेताला सांगितलेलं. ‘उत्तिष्ठत जाग्रत प्राप्य वरान्निबोधत.’ उठा, जागे व्हा, श्रेष्ठांकडे जाऊन जाणून घ्या. ‘ध्येय गाठेपर्यंत थांबू नका’ हा विवेकानंदांनी त्याला दिलेला मोकळा आणि तेजस्वी अर्थ. पण श्लोक तिथं संपत नाही. पुढची ओळ आहे, ‘क्षुरस्य धारा निशिता दुरत्यया’. हा रस्ता वस्तऱ्याच्या धारेसारखा आहे, ओलांडायला अवघड. भिंतीवरच्या चित्रात ही ओळ मी कधी पाहिली नाही.

आणि सोलापूरकरांना 12 जानेवारी आणखी एका कारणानं ठाऊक आहे. 1931 साली त्याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना फाशी दिलं गेलं. आदल्या वर्षी, मे 1930 मध्ये, या शहरात लष्करी कायदा लागला होता. आम्ही मुलांना घेऊन हुतात्मा चौकात जायचो, पुतळ्यांना हार घालायचो, परत येऊन वर्ग सुरू. फळ्यावरची ओळ आणि चौकातले चार पुतळे एकाच दिवसाचे आहेत, वस्तऱ्याची धार म्हणजे काय हे त्या चौघांनी पाहिलंय, हे मुलांना सांगायचं मला बऱ्याच उशिरा सुचलं. ज्या वर्षी सांगितलं त्या वर्षी वर्ग गप्प बसून राहिला. ती शांतता मला अजून आठवते.

कुणी म्हणेल, बाई, एका ओळीसाठी एवढा इतिहास कशाला? तर ओळीला खांदा लागतो म्हणून. आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा घोष आपण सगळेच करतो. लांबून ऐकणाऱ्याला तो नुसता आवाज. पण ज्यानं आधीचे कितीतरी दिवस सराव करून ती उंच काठी कमरेच्या आधारानं पेलली आहे, त्याला तोच घोष पुढचं पाऊल टाकायला मदत करतो. शब्द सारखेच, फक्त त्याच्या अंगावर वजन आहे.

हे सिद्धेश्वर म्हणजेच सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले. त्यांनी वचनं रचली. शिवशरणांच्या, म्हणजे त्या काळच्या शिवभक्त संतांच्या, या रचनांना वचनं म्हणतात आणि प्रत्येकाची शेवटची मुद्रा ठरलेली, सिद्धरामांची ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’. तुकोबांचं ‘तुका म्हणे’ तसंच. बोलणारा शेवटी येऊन उभा राहतो, मी हे म्हणतोय म्हणतो. आणि हे म्हणणारा माणूस लोकांना घेऊन तळं खणणारा होता, ते तळं आजही आपल्या गावाच्या मध्यावर आहे. मराठीत ‘वचन’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. सांगितलेली गोष्ट हे वचन, आणि दिलेला शब्द हेही वचनच. मला वाटतं, सुवचनातून धीर मिळतो तो या दुसऱ्या अर्थामुळं. वाचलेली ओळ आपण स्वतःला शब्द म्हणून देतो तेव्हा ती आपली होते. सकाळी फोनवर येणाऱ्या फुलांच्या चित्रात ही मुद्रा नसते, किंवा चुकीची असते. कुणाचंही वाक्य कुणाही थोराच्या नावावर खपतं. मला त्याचा राग येतो. नाव बदललं की कुणी, कुठल्या हालात हे म्हटलं, ते सगळं पुसलं जातं.

कोण म्हणतंय यानं किती फरक पडतो बघा. ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा.’ चोखोबा मंगळवेढ्याचे, आपल्याच जिल्ह्यातले. देवळाच्या बाहेर ठेवलेला माणूस हे म्हणतो तेव्हा तो दारातल्यांना जाब विचारतो. 1338 मध्ये गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून, तिच्याखाली सापडून ते गेले. तीच ओळ आत बसलेल्यानं बाहेरच्याला ऐकवली, ‘रंगाचं काय घेऊन बसलास, रस महत्त्वाचा’ म्हणून, तर ती तोंड बंद करायच्या कामी येते. ‘ठेविले अनंते तैसेचि रहावे’ची हीच गत. स्वतःच्या ओढगस्तीत तुकोबांनी स्वतःला सांगितलं तर ते समाधान. मालकानं मजुराला सांगितलं तर काय, ते गिरणगावात वेगळं सांगायला नको.

आता जरा घरातलं सांगते. माझे यजमान दोन वर्षं आजारी होते. मी मास्तरीण, माझ्या हाताला सवय. दवाखान्यात त्यांच्या खाटेसमोर सुंदर अक्षरात चिकटवलं, ‘मन करा रे प्रसन्न, सर्व सिद्धीचे कारण’. तीन दिवस ते काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, “ते काढ. मला आज प्रसन्न व्हायचं नाहीये.” मला फार लागलं. कागद काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला. रात्री ते आपण होऊन म्हणाले, “ते दुसरं म्हण. जगी सर्व सूखी.” मी म्हटलं, ‘जगी सर्व सूखी असा कोण आहे, विचारे मना तूचि शोधूनि पाहे.’ पुढं पूर्वसंचिताच्या ओळी येतात, तू केलंस ते तू भोगतोयस अशा. मी तिकडं वळले तशी त्यांनी हात वर केला. “तेवढं नको.”

मघाशी मी म्हटलं, ओळ अर्धी घेऊ नका. आणि ज्या माणसाला मी सगळ्यांत जास्त जाणत होते त्यानं अर्धीच घेतली. त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, ते बरोबर होते. त्यांना पुढच्या ओळी पाठ होत्या. काय नाकारतोय हे कळून त्यांनी नाकारलं. पहिल्या दोन ओळी हुकूम करत नाहीत, विचारतात. प्रश्नाजवळ आजारी माणसाला पडून राहता येतं. हसरा चेहरा करण्याचं आणखी एक काम त्यात नाही. शेवटच्या महिन्यात आम्ही रोज रात्री त्या दोनच ओळी म्हणत होतो. ते गेल्यावर सांत्वनाचे निरोप किती आले, त्यातलं एकही वाक्य मला सांगता येणार नाही. या दोन ओळी मात्र भाजी चिरतानासुद्धा तोंडात येतात.

भाजीवरून सावता माळी आठवले. अरण, तालुका माढा. ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी.’ उपदेश असा त्यात काहीच नाही. हातात जे होतं त्याचंच नाव घेतलं. शनिवारी मुलं घरून जी वाक्यं आणायची त्यात मला हेच दिसायचं. आणि ज्यांचं एकही वाक्य आपल्याला पाठ नाही असेही आहेत. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. 1938 साली पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, बाकीचे परतले, हे थांबले, 1942 मध्ये तिथंच वारले, बत्तिसाव्या वर्षी. त्यांचं वाक्य मी फळ्यावर कधी लिहिलं नाही. पण त्यांची गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरची पोरं पुढं सरकून बसायची.

‘अजून किती’ विचारणाऱ्या त्या मुलीनंही एका शनिवारी वाक्य आणलं होतं. तिची आई रात्री सूप बाजूला ठेवताना म्हणायची, “आजचं झालं.” एवढंच. मी ते चौकट आखून, रंगीत खडूनं लिहिलं. ती दिवसभर फळ्याकडे बघत होती. पुसायची वेळ आली तेव्हा म्हणाली, बाई, मी पुसते.

दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तुम्हाला पाठ असलेली एक ओळ तिच्यात लिहा आणि खाली, ती कुठल्या दिवशी उपयोगी पडली तेही. तारीख आठवत नसेल तर नुसतं ‘आईच्या आजारपणात’ किंवा ‘माग बंद पडला तेव्हा’ असं लिहिलंत तरी चालेल. तेलुगू, कन्नड, उर्दू, ज्यांना जी लिपी येते तीत लिहा. मला वाचता आलं नाही तर मी विचारून घेईन. मी अजून अर्धा तास इथंच बसलेली आहे.