एक किक आणि बारा बरोबऱ्या

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘गुण समान झाले तर विजेता कोण?’. त्यावर बोलणारच आहे. पण फुटबॉलमधली ती पेनल्टी सांगितल्याशिवाय माझी गाडी पुढं सरकत नाही. ज्यांनी ती माझ्याकडून आधी ऐकलीय, त्यांनी चहा घेऊन यावं. (हशा) कुणीच उठत नाही म्हणजे चहा संपलेला दिसतोय.

तारीख १४ मे १९९४. स्पेनच्या वायव्य टोकाला ला कोरुन्या, समुद्राला चिकटून रियाझोर मैदान. तिथल्या देपोर्तिवो क्लबनं तोवर एकदाही स्पेनची लीग जिंकलेली नव्हती. शेवटचा सामना घरच्या मैदानावर, वॅलेन्सियाशी. जिंकले की चॅम्पियन. तिकडं बार्सिलोनात, विजेतेपदाच्या शर्यतीतल्या बार्सिलोना क्लबविरुद्ध, म्हणजे बार्साविरुद्ध, सेव्हिया मध्यंतराला २-१ नं पुढं होती, पण बार्सानं ५-२ असा निकाल लावला. इकडं ०-० काही हलेना. आणि अगदी शेवटाला देपोर्तिवोला पेनल्टी!

आता गंमत बघा. नेहमी पेनल्टी मारणारा दोनातो. त्याला आर्सेनियो इग्लेसियास या प्रशिक्षकांनी आधीच बाहेर घेतलेलं. बेबेटो, जो दोन महिन्यांनी ब्राझीलकडून विश्वचषक जिंकणार होता, तो काही चेंडूजवळ आला नाही. लग्नात ‘कुणीतरी दोन शब्द बोला’ म्हटलं की काका-मामा पंगतीची व्यवस्था बघायला पळतात आणि माइक येतो धाकट्या मेव्हण्याच्या हातात, तसं झालं. मेव्हणा होता मिरोस्लाव्ह जुकिच, सर्बियाचा बचावपटू. चित्रफीत बघा कधी. चेंडूमागं उभा राहून तो जो श्वास सोडतो ना, तिथंच पोटात गोळा येतो. किक मुळमुळीत गेली. गोलकीपर गोन्झालेसनं अडवली आणि मुठी आवळून असा जल्लोष केला की वाटावं, लीग वॅलेन्सियानंच जिंकली!

मला हे का लागतं, ते या पहिल्या रांगेला माहीत आहे. पेठेतल्या एका सामन्यात टायब्रेकरला माझी किक बारवरून गेली. माझ्या आधी एकानं चुकवली होती, पण त्याचं नाव आज कुणाला आठवत नाही. शेवटची माझी होती ना! परवा पावटा घेत होतो. भाजीवाला सुट्टे पैसे परत करता करता म्हणतो, ‘सर, तेवढी आत मारायला पाहिजे होती.’ पस्तीस वर्षं झाली हो! पावटाही किडका निघाला. (हशा)

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, विषयावर येतो.

सामना ०-० सुटला. देपोर्तिवो आणि बार्सा, दोघांचेही ५६ गुण. स्पेनमध्ये अशा वेळी आधी आपापसातले दोन सामने बघतात. देपोर्तिवोनं घरी १-० नं जिंकलेलं, पण बार्सिलोनात ३-० नं मार खाल्लेला. म्हणून लीग बार्साची. नियमाच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी गोलफरक काढून बघावा: बार्सा ९१ करून ४२ खाल्लेले, देपोर्तिवो ५४ करून १८. तिथंही बार्साच. तेव्हा विजयाला दोनच गुण असत. आजच्यासारखे तीन धरले तर बार्सा ८१, देपोर्तिवो ७८.

पण देपोर्तिवो हरले फक्त चार सामने, बार्सा सात. मग घोडं पेंड कुठं खातं? बरोबरीत! देपोर्तिवोच्या बारा बरोबऱ्या, बार्साच्या सहा. ३८ सामन्यांत अठराच गोल खाणारा संघ, पण पुढं जाऊन मारायला हात आखडता. त्या बारांपैकी आधीच्या अकरांत कुठंही एक गोल जास्त झाला असता तर गुण ५७, आणि पेनल्टीची वेळच आली नसती. त्या अकरा दिवसांचा जाब कुणी कुणाला विचारला?

हो हो, दिसली घंटा. एवढं सांगून बसतो. देपोर्तिवोनं लीग जिंकली ती २००० साली, एस्पान्योलला २-० हरवून. पहिला गोल दोनातोचा! जुकिच तोवर गेला होता वॅलेन्सियाकडं. हो, त्याच वॅलेन्सियाकडं. २००२ साली त्यांच्याबरोबर त्यालाही लीग मिळाली.

आता प्रश्न विचारा. पावट्यावर चालतील, माझ्या किकवर नकोत.