अंगावरचा कोट ही बिदागी

(पडद्यावर कुस्तोदियेव यांचं चित्र, संपूर्ण)

बर्फातली जत्रा. घसरगाड्या, घोडे, तंबू, माणसांची झुंबड. आणि या सगळ्याच्या वर, चौकटीत जेमतेम मावलेला एक माणूस. पायाशी बुलडॉग.

हे फ्योदोर शाल्यापिन, रशियन ऑपेरातले बास गायक. बास म्हणजे पुरुषाच्या आवाजातली सगळ्यात खालची जात, आपल्या खर्जाच्या अंगाची.

(कॅमेरा कोटावर)

आता हा कोट नीट बघा. केसाळ कॉलर, पुढून उघडा. साल १९२१. रशियात यादवी आणि टंचाई. गायकाला पैशांऐवजी पीठ मिळायचं, अंडी मिळायची. हा कोटही एका सरकारी संस्थेसाठी केलेल्या कार्यक्रमाची बिदागी.

बोरिस कुस्तोदियेव तेव्हा पाठीच्या कण्याच्या आजारामुळे चाकाच्या खुर्चीत होते. कॅनव्हास दोन मीटरांहून उंच. तो छताकडून तिरका टांगून त्यांच्या अंगावर झुकवला जायचा, आणि मान वर करून ते एकेक भाग रंगवायचे. चार पावलं मागे जाऊन चित्र पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. डाव्या कोपऱ्यात खाली शाल्यापिनांच्या दोन मुली आहेत. त्याही अशाच, हाताच्या अंतरावरून रंगवलेल्या.

(कझानची जुनी छायाचित्रं)

जन्म १८७३, कझान. वडील कारकून. पोराला चांभाराकडे शिकायला ठेवलं, पण पोरगं रमलं चर्चच्या गायकवृंदात. पुढे तिफ्लिसमध्ये, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या तिबिलिसीत, उसातोव्ह नावाचे गुरू भेटले. त्यांनी एक पैसाही न घेता शिकवलं, वर अंगावर घालायला कपडे दिले.

(झार बोरिस गोदुनोव्हच्या वेशातली शाल्यापिनांची छायाचित्रं, एकामागून एक)

ऑपेरात नायिका बहुधा टेनरच्या, म्हणजे उंच आवाजाच्या पुरुष गायकाच्या वाट्याला जाते. बासकडे येतात राजे, पुरोहित, म्हातारे बाप आणि सैतान. मुसोर्गस्कीच्या ‘बोरिस गोदुनोव्ह’ या एका रशियन झारवरच्या ऑपेरात मात्र सगळा डोलारा या खालच्या आवाजावर उभा आहे. १८९८ च्या उन्हाळ्यात शाल्यापिन ही भूमिका घेऊन बसले. संगीत बसवून घ्यायला सोबत तरुण संगीतकार राखमानिनोव्ह. झार बोरिस माणूस म्हणून कसा होता, हे विचारायला ते थेट इतिहासकार क्ल्युचेव्हस्कींकडे गेले. चेहरा स्वतः रंगवायचे. हे डोळे पाहा, ही भुवई पाहा. गाणं सुरू व्हायच्या आधीच झार घाबरलेला दिसतो.

१९०१ मध्ये मिलानचं ला स्काला ऑपेरागृह, १९०८ मध्ये पॅरिस. बिदागीबाबत ते पक्के होते, आणि त्यावरून त्यांना लोभी म्हणणारे तेव्हाही होते. मला ते अजिबात पटत नाही. गळा बसला की चूल थंड, असा हा धंदा. त्यात दोन संसार पोसायचे. अशा माणसानं आपल्या आवाजाचं मोल ठणकावून मागितलं तर चुकलं कुठे?

(आगबोट, मग पॅरिस)

१९२२ मध्ये त्यांनी रशिया सोडला. आज न्यूयॉर्क, उद्या लंडन, जिथलं आमंत्रण तिथे गायचं. १९२७ मध्ये मायदेशानं दिलेला किताब काढून घेतला. १९३८ मध्ये पॅरिसला रक्ताच्या कर्करोगानं गेले.

(काळा पडदा, तबकडीची खरखर)

हे १९२८ चं लंडन, कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृह. भर प्रयोगात टिपलेला झार बोरिसचा मृत्यू. आधी घंटा येतील.

(ध्वनिमुद्रण)