चीक, वार आणि बाळाची कावीळ

परळच्या या सभागृहात बसलेल्या बहुतेकांनी खरवस आवडीने खाल्ला असेल, आणि चीक आधी वासराच्या पोटात गेला पाहिजे, उरला तर खरवस, हेही कधीतरी ऐकले असेल. आजचा विषय बाळाच्या रक्ताचा असला, तरी त्याची गाठ या चिकापाशीच आहे.

काही वर्षांपूर्वी प्रसूती वॉर्डातल्या रात्रीच्या फेरीत एक आजी लेकीचे घट्ट पिवळे दूध स्टीलच्या वाटीत पिळून काढताना दिसल्या. लेकीचा रक्तगट आरएच निगेटिव्ह, बाळाचा पॉझिटिव्ह. पहिल्याच दिवशी कावीळ चढल्याने बाळाला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या प्रकाशाखाली ठेवले होते. आजी म्हणाल्या, “डॉक्टर, हिच्या रक्तानंच बाळाला बाधलंय. मग त्याच अंगातलं दूध कसं पाजायचं?” दूध मोरीत ओतायला सांगणारा आमच्यातलाच एक जण होता, हे मला नंतर कळले.

आजींचा तर्क मला आजही खुळा वाटत नाही. तो माणसाला लागू पडत नाही, इतकेच. घोड्याला मात्र तंतोतंत लागू पडतो. गाय किंवा घोडी यांची वार प्रतिपिंडांना, म्हणजे परक्या गोष्टींशी लढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांना, पलीकडे जाऊ देत नाही, त्यामुळे वासरू आणि शिंगरू जवळजवळ रिकाम्या हाताने जन्माला येतात, आणि जन्मानंतरचा साधारण एक दिवस त्यांचे आतडे चिकातली प्रतिपिंडे अख्खीच्या अख्खी रक्तात ओढून घेते. म्हणूनच, घोडीच्या अंगात शिंगराच्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे असतील, तर ठणठणीत जन्मलेले शिंगरू चीक प्यायल्यावर पिवळे पडते. महालक्ष्मीला धावणारे घोडे जिथे जन्मतात त्या स्टड फार्मवर अशा शिंगराच्या तोंडाला मुसके बांधून त्याला दुसऱ्या घोडीचा चीक पाजतात, आणि तिथे ते योग्यच आहे.

माणसाच्या बाळाला ही शिदोरी गर्भातच मिळते. आईच्या रक्तातली आयजीजी नावाची प्रतिपिंडे वारेतून, मुख्यतः शेवटच्या काही आठवड्यांत, बाळाकडे जातात. गोवरापासून पहिले काही महिने बाळाला वाचवणारी हीच. पण आधीच्या बाळंतपणात किंवा गर्भपातात बाळाचे आरएच पॉझिटिव्ह रक्त आईच्या रक्तात मिसळून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली असतील, तर तीही त्याच वाटेने जातात आणि बाळाच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. याचा अर्थ, नाळ कापली त्या क्षणी जे नुकसानकारक यायचे होते ते येऊन चुकलेले असते. आईच्या चिकात असते ती प्रामुख्याने आयजीए, म्हणजे प्रतिपिंडांचा दुसरा प्रकार. ती रक्तात न शिरता आतड्याच्या अस्तरावर पहारा देते. आयजीजी दुधात थोडीच असते आणि तिचा बराचसा भाग पचनात मोडतो. रक्तक्षय फारच लांबलेल्या मोजक्या बाळांच्या बाबतीत दुधावर संशय घेतल्याच्या नोंदी आहेत, पण तेवढ्यावरून सरसकट दूध तोडावे असे कोणतेही प्रमाण शास्त्र सांगत नाही.

उलट, उपाशी बाळाची कावीळ वाढते. पहिली काळी शी पोटात साचून राहिली, तर तिच्यातले बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारे पिवळे द्रव्य, आतड्यातून पुन्हा रक्तात शोषले जाते; वारंवार पाजलेले बाळ ते बाहेर टाकते.

आरएच निगेटिव्ह आईच्या अंगात अशी प्रतिपिंडे तयारच होऊ नयेत म्हणून द्यायचे अँटी-डी इंजेक्शन १९६८ पासून उपलब्ध आहे. ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत द्यावे लागते, गर्भपातानंतरचे इंजेक्शन विसरू नये, आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ते चालते. प्रतिपिंडे एकदा तयार झाली की मात्र त्याचा उपयोग नसतो. या लेकीच्या बाबतीत तेच झाले होते.

त्या रात्री वाटीतले दूध सिस्टरनी चमच्याने बाळाला पाजले आणि चौथ्या दिवशी दिवे काढले. आजींना वाटले, संपले. मी त्यांना थांबवून सांगितले की आयजीजीची मात्रा निम्मी व्हायलाच साधारण तीन आठवडे लागतात, म्हणजे कावीळ उतरल्यावरही पेशी हळूहळू फुटत राहतात, तेव्हा दोन-तीन महिने हिमोग्लोबिन पाहत राहायचे. सहाव्या आठवड्यात बाळ पांढुरके पडून पुन्हा आले, त्याला रक्त चढवावे लागले, आणि त्या दिवशीही ते आईच्या अंगावरच पीत होते.