वायूच्या दाबाचा हिशेब

श्रोतेहो, मुंबईत घरोघरी पाइपने येणारा नैसर्गिक वायू शेगडीपाशी पोहोचतो तेव्हा त्याचा दाब भोवतालच्या हवेपेक्षा जेमतेम 21 मिलिबारने जास्त असतो; एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब आणि मिलिबार हा त्याचा हजारावा भाग. देशाच्या मुख्य वाहिन्यांत मात्र तो कित्येकदा 50 बारच्या वर असतो आणि वाटेवरच्या कॉम्प्रेसरनी इंधन किंवा वीज खर्चून तो चढवलेला असतो. वडाळा किंवा महापे येथील सिटी गेट स्टेशनांसारख्या, म्हणजे मुख्य वाहिनीतून शहराच्या जाळ्यात वायू घेण्याच्या ठिकाणी तो रेग्युलेटर या दाब कमी करणाऱ्या झडपेच्या अरुंद वाटेतून जातो आणि आधीच किंमत मोजलेला हा दाब त्याच्याकडून कोणतेही काम करून न घेता उतरवला जातो.

अशा रीतीने दाब उतरला की वायू थंड होतो. जूल आणि थॉमसन या शास्त्रज्ञांनी 1852 साली दाखवलेल्या या परिणामामुळे दर बारमागे तापमान सुमारे अर्ध्या अंशाने घसरते, म्हणजे 60 बारवरून 20 बारवर येताना सुमारे 20 अंशांनी. थंड देशांत त्यामुळे वायूतील पाण्याचा अंश बर्फासारख्या हायड्रेटच्या रूपात गोठून नळ्या तुंबण्याची भीती असते, म्हणून दाब उतरवण्याआधी वायू तापवतात, तोही बहुधा त्यातलाच थोडा वायू जाळून. हीटर एकाच ठरावीक तापमानावर बारा महिने न चालवता वायूची आर्द्रता आणि आवक पाहून चालवला, तर यंत्र न बदलताही इंधन वाचते. ही बचत सर्वांत स्वस्त आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते, असे मला वाटते.

रेग्युलेटरच्या जागी टर्बो-एक्सपांडर, म्हणजे प्रसरण पावणाऱ्या वायूवर चालणारे टर्बाइन बसवले, तर तोच वायू चाक फिरवतो आणि वीज निर्माण होते. ताशी 10,000 घनमीटर वायू 60 वरून 20 बारवर आणला, तर साधारण 200 ते 250 किलोवॅट मिळू शकतात. पण ही ऊर्जा नुसत्या दाबातून आली, असे म्हणणे अपुरे आहे. काम करणारा वायू रेग्युलेटरमधल्यापेक्षा कितीतरी अधिक, 60 अंशांहूनही जास्त थंड होतो. बाहेर पडताना त्याचे तापमान रेग्युलेटरनंतर असते तेवढेच हवे असेल, तर जितकी ऊर्जा त्याने चाकाला दिली तितकीच उष्णता त्याला पुरवावी लागते. दाबाचे श्रेय इतकेच, आणि ते मोठे आहे, की एरवी कमी उपयोगाची उष्णता त्याच्यामुळे जवळजवळ पुरतीच विजेत बदलते. म्हणून माझ्या मते खरा प्रश्न टर्बाइनचा नसून ही उष्णता कुठून आणायची याचा आहे.

टोरांटोमध्ये एनब्रिज कंपनीने 2008 साली याचे एक उत्तर दिले. तिथे 1.2 मेगावॅटच्या इंधन-घटाची (फ्यूएल सेल, म्हणजे इंधनापासून रासायनिक क्रियेने थेट वीज बनवणाऱ्या यंत्राची) वाया जाणारी उष्णता वायू तापवण्यासाठी वापरली गेली आणि त्याच्या जोडीला सुमारे 1 मेगावॅटचा एक्सपांडर चालवला गेला.

मुंबईत परिस्थिती वेगळी आहे. येथे घरे तापवण्यासाठी वायू लागत नाही, त्यामुळे थंड देशांत हिवाळा-उन्हाळ्यात मागणीत जी प्रचंड तफावत पडते ती येथे नाही, आणि कमी प्रवाहात टर्बाइनची कार्यक्षमता घसरते हे लक्षात घेता ही मोठीच सोय आहे. वायू तापवायला उबदार हवा आणि ऊनही वर्षभर हाताशी असते. शिवाय वायू कमी तापवून त्याचा गारवा शेजारच्या शीतगृहाला देता येईल. मात्र तो वायू आधी पुरेसा कोरडा असला पाहिजे.

आपल्या शहरांत आणखी एक गोष्ट घडते आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. उतरवलेल्या दाबाचा बराचसा वायू पुढे सीएनजी पंपांवर जातो आणि तिथे विजेवर चालणारे कॉम्प्रेसर त्याला साधारण 19 बारवरून पुन्हा 250 बारपर्यंत चढवतात. हाच वायू 50 बारवर मिळाला, तर समतापी दाबणीच्या, म्हणजे दाबताना वायूचे तापमान वाढू दिले नाही असे धरून केलेल्या, आदर्श गणितानुसार कॉम्प्रेसरचे काम एक तृतीयांशाहून अधिक कमी होते. सुरक्षित अंतर आणि जागेची उपलब्धता यांमुळे हे सर्वत्र शक्य नाही, परंतु नवे मोठे सीएनजी स्टेशन आखताना ते सिटी गेट स्टेशनाला लागून, दाब उतरवण्याच्या आधीच्या वाहिनीवर बसवता येईल का, हे नकाशा कागदावर असतानाच तपासले पाहिजे.