वायताकेरेचं जंगल आणि पिहाची काळी वाळू: ऑकलंडहून अर्ध्या दिवसात

ऑकलंडमधल्या कुठल्याही उंच जागेवरून पश्चिमेकडं बघितलं ना, की घरं संपतात तिथं एक लांबलचक हिरवीगार रांग दिसते आणि बहुतेक वेळा ढग तिच्याच डोक्यावर बसलेले असतात. ही वायताकेरे रांग. शहरातून निघालात की पाऊण तासाच्या आत तुम्ही रेनफॉरेस्टमध्ये, आणि तिथून अजून थोडं पुढं गेलं की जमीनच संपते, समोर टास्मान समुद्र आणि थेट पलीकडं ऑस्ट्रेलिया. आजच्या व्हिडिओत आपण ही अर्ध्या दिवसाची गाइडेड ट्रिप बघणार आहोत, आधी जंगल, मग पिहा बीच.

ऑकलंडमधल्या मराठी घरांत आईबाबा भारतातून आले की एखाद्या वीकेंडला पिहाला न्यायचं हे ठरलेलंच असतं. लोक गाडी काढतात, बीचवर जातात, फोटो काढतात, डबा खातात आणि परत येतात, मधलं सगळं जंगल खिडकीतून मागं जातं. माझं म्हणणं असं की एकदा तरी गाइडबरोबर जा. कारण या दोन्ही ठिकाणी जे सगळ्यात महत्त्वाचं आहे ते डोळ्यांना आपोआप दिसत नाही, कोणीतरी बोट दाखवून सांगावं लागतं. जंगलात ते मातीत आहे आणि समुद्रात पाण्यात.

तर छोटी व्हॅन, सातआठ माणसं, टिटिरांगी या उपनगरावरून रस्ता वळणं घेत चढायला लागतो. इथली सगळ्यात उंच जागा ४७४ मीटर, सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला याला डोंगर म्हणायचं जीवावर येईल, पण उंचीवर जाऊ नका. टास्मान समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे दमट असतात, ते या रांगेला धडकून वर चढतात, थंड होतात आणि पाणी सोडतात, आपल्या घाटमाथ्यावर जे होतं तेच. फरक इतकाच की इथं पाऊस चार महिन्यांचा पाहुणा नाही, वर्षभर येतजात असतो, जून ते ऑगस्ट जरा जास्त, आणि थंडगार.

पहिला थांबा आराताकी व्हिजिटर सेंटर. दारातच हे उंच कोरीव खांब दिसतायत ते इथल्या मूळ माओरी लोकांच्या, म्हणजे ‘ते कवेराउ आ माकी’ या जमातीच्या पूर्वजांचे. मागच्या डेकवर गेलं की एका बाजूला झाडांनी भरलेल्या दऱ्या आणि खाली धरणाचं पाणी, त्याच्याही पुढं मानुकाऊ हार्बर. ऑकलंडच्या नळाला येणारं काही पाणी या डोंगरांतलंच आहे, इथलं पहिलं मोठं धरण १९१० मध्ये पूर्ण झालं. इथं दहा मिनिटं पुरतात, खरं काम पुढं आहे.

ट्रॅक सुरू होतो तिथं हे जे फाटकासारखं दिसतंय ना, तिथून कॅमेरा मुद्दाम हलवला नाहीये, नीट बघा. खाली आडवे ब्रश लावलेत. बूट त्यावर मागंपुढं घासायचा, खाचेत अडकलेला एकेक खडा, चिखलाचा कण निघेपर्यंत, मग पुढं पाय दाबला की खालून जंतुनाशकाचा फवारा थेट तळव्याला लागतो, मग दुसरा पाय. आमची गाइड प्रत्येकाच्या बुटाचा तळवा उलटा करून बघत होती, एका काकांना तिनं परत घासायला लावलं आणि काकांनीही निमूटपणे घासलं. आत जाताना हे करायचं आणि बाहेर येतानाही करायचं.

कारण असं आहे. या जंगलाचा राजा म्हणजे काउरी वृक्ष, आणि त्याला मारणारा एक सूक्ष्मजीव मातीत राहतो, फायटोफ्थोरा अगाथिडिसिडा. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना डिंक्या रोग चांगलाच माहीत असेल, खोडातून डिंक वाहायला लागतो आणि झाड खंगत जातं, तो करणारे जीव याच फायटोफ्थोरा कुळातले. काउरीचंही तसंच होतं, मुळं कुजतात, वर पाणी पोचत नाही, पानं पिवळी पडतात, शेंडा विरळ होत जातो, बुंध्याशी राळ गळायला लागते आणि हळूहळू अख्खं झाड उभ्याउभ्या वाळतं. हजार वर्षं जगू शकणारं झाड. पक्कं औषध अजून नाही, फॉस्फाइट नावाच्या रसायनाची इंजेक्शनं देऊन रोग रेंगाळत ठेवता येतो इतकंच. आणि रोग पसरायला टाचणीच्या डोक्याएवढी माती पुरते, रानडुकरं पसरवतातच, पण सगळ्यात लांब नेतात ते माणसांचे बूट.

म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये ‘ते कवेराउ आ माकी’ लोकांनी या अख्ख्या जंगलावर राहुई जाहीर केली, म्हणजे जंगल सावरेपर्यंत माणसांनी आत पाऊल टाकायचं नाही. जिथं फांदीसुद्धा तोडत नाहीत अशा देवराईच्या गावात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही. गंमत नाही ही, तब्बल १६ हजार हेक्टरच्या आसपासचं पार्क, लाखो माणसांच्या शहराला लागून, आणि त्या शहराला नाही म्हणायचं. आधी कायद्याचा आधार नव्हता, लोक जातच राहिले, मग मे २०१८ मध्ये ऑकलंड काउन्सिलनं जंगलातले बहुतेक ट्रॅक अधिकृतपणे बंद केले. त्यानंतर एकेक ट्रॅक खडी टाकून, लाकडी बोर्डवॉक बांधून, म्हणजे माणसाचा पाय मातीला लागणारच नाही असा करून परत उघडत गेले. काही अजूनही बंद आहेत. मला विचाराल तर या ट्रिपमधली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट हीच, शहराजवळचं एवढं मोठं जंगल झाडांसाठी बंद करून दाखवलंय लोकांनी.

आता बोर्डवॉकवरून वर बघा. ही काउरी. खोड सरळसोट, राखाडी, खालपासून कितीतरी उंचीपर्यंत एकही फांदी नाही, कारण वाढता वाढता खालच्या फांद्या झाड स्वतःच गाळून टाकतं. जवळून बघितलं तर सालीचे गोल गोल पापुद्रे सुटताना दिसतात, त्यामुळं वेलींना आणि बांडगुळांना धरायला जागाच मिळत नाही. सगळे पापुद्रे बुंध्याशी पडून ढीग होतो आणि त्या ढिगात, अगदी वरच्या थरात, काउरीची बारीक मुळं पसरलेली असतात. म्हणजे रोग नसला तरी त्यावर नुसतं चालणंही झाडाला जड जातं. लोक खोडाला मिठी मारायला धावतात, गाइड तिथंच थांबवते, इथूनच बघा म्हणते.

मोठ्या काउरी इथं फार उरल्या नाहीत. १९व्या शतकात इंग्रजांना जहाजांच्या डोलकाठ्यांना आणि मग वाढत्या ऑकलंडच्या घरांना हेच लाकूड हवं होतं, सरळ, गाठ नसलेलं. दरीतून ओंडके बाहेर कसे काढायचे तर ओढ्यावर लाकडाचंच धरण बांधायचं, मागं पाणी साठवायचं, ओंडके ओढ्यात लोटायचे आणि मग एका झटक्यात दार उघडून सगळं पाण्याबरोबर खाली सोडायचं. ओढ्याचे काठ खरवडून निघायचे. आज आपण ज्याला घनदाट जंगल म्हणतोय त्यातलं बरंचसं त्या तोडीनंतर पुन्हा उगवलेलं आहे, आणि ते बघून मला तरी उमेद येते, जागा सोडली तर जंगल परत येतं.

पुढं ओल वाढते, तसे झाडाएवढे उंच नेचे सुरू होतात. त्यातला पोंगा म्हणजे सिल्व्हर फर्न, न्यूझीलंडच्या खेळाडूंच्या जर्सीवर जे पान असतं ते. वरून साधं हिरवं, उलटं केलं की चंदेरी, माओरी लोक रात्री वाट दाखवायला ही पानं उलटी अंथरायचे, चांदण्यात चमकतात. निकाऊ नावाचा पाम आहे, पामच्या झाडांमध्ये जगात सगळ्यात दक्षिणेला नैसर्गिकरीत्या वाढणारा हाच.

आणि हे झुडूप, कावाकावा. पान हृदयाच्या आकाराचं, शिरा देठापासून फाकलेल्या, बघितल्या बघितल्या आपल्या माणसाच्या तोंडून निघतं, अरे हे तर विड्याचं पान! बरोबर ओळखलंत, नागवेल, काळी मिरी आणि कावाकावा तिघंही एकाच वंशातली. गाइडनं एक पान मोडून हातावर ठेवलं, चघळलं तर आधी कडवट आणि मग जिभेवर मिऱ्याची झणझण. पानांना भोकं पडलेली दिसतायत, ती एका अळीनं खाल्लेली, आणि औषधाला तोडताना माओरी लोक मुद्दाम तीच भोकाची पानं निवडतात, अळीला जे आवडलं त्यात दम जास्त. पोटाला, दाताला, जखमेला याचा काढा किंवा लेप. आपण मात्र मनानं काही तोडायचं नाही, गाइड देईल तेवढंच.

जंगलात साप नाहीत, अख्ख्या न्यूझीलंडच्या जमिनीवर नाहीत, त्यामुळं लहान मुलं बिनधास्त न्या. माकडं नाहीत, हरणं मूळची नाहीत, वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी इथला मूळचा नाही. हे जंगल पक्ष्यांचं. पीवाकावाका हा शेपटीचा पंखा करून अगदी हातभर अंतरावर नाचतो, माणसं चालली की किडे उडतात ते टिपायला तो मागं येतो. तुई काळानिळा, गळ्याशी पांढरे दोन गोंडे, आवाज एकाच वेळी घंटेसारखा आणि घरघरल्यासारखा. केरेरू म्हणजे मोठं कबूतर, मोठ्या बियांची फळं अख्खी गिळून त्या बिया लांब नेणारा आता हाच पक्षी उरलाय. या सगळ्यांचे शत्रू बाहेरून आणलेले, उंदीर, स्टोट म्हणजे मुंगसासारखा एक छोटा शिकारी प्राणी, आणि फर मिळावी म्हणून ऑस्ट्रेलियातून आणलेला पॉसम. याच रांगेत २००३ पासून आर्क इन द पार्क नावाच्या प्रकल्पात स्वयंसेवक सापळे आणि आमिषं सांभाळतायत, आणि कोकाको हा नाहीसा झालेला पक्षी त्यांनी इथं परत आणलाय. फुकट काम करणारी साधी माणसं आहेत ही, शनिवार-रविवारी चिखल तुडवत जाणारी.

परत बूट घासा, गाडीत बसा. पिहा रोड उतरायला लागतो आणि एका वळणावर एकदम सगळं उघडतं, लांबवर पांढऱ्या लाटांच्या रांगा, काळा किनारा, मधोमध लायन रॉक. हा १०१ मीटरचा खडक म्हणजे जुन्या ज्वालामुखीचा उरलेला भाग, ही सगळी रांगच एका प्रचंड ज्वालामुखीचा झिजून उरलेला पूर्वेकडचा उतार आहे, बाकीचा समुद्रानं खाल्ला.

पण वाळू इथली नाही. गाइड खिशातून लोहचुंबक काढते, वाळूत फिरवते, आणि हे बघा, चुंबकावर काळी दाढी उगवली. टायटॅनोमॅग्नेटाइट, लोखंड असलेलं खनिज. दक्षिणेला तारानाकीचे ज्वालामुखी झिजतात, नद्या तो गाळ समुद्रात आणतात आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह तो उत्तरेला इथपर्यंत ढकलत आणतो. वायकाटो नदीच्या मुखाजवळच्या अशाच वाळूपासून ग्लेनब्रुकच्या कारखान्यात पोलाद बनतं. रत्नागिरीच्या मांडवीची काळी वाळू बघितलेल्यांना रंगाचं नवल वाटणार नाही, पण उन्हाळ्याच्या दुपारी ही इतकी तापते की अनवाणी चार पावलंही टाकवत नाहीत, चपला हातात घेऊ नका.

आता पाण्याकडं बघा आणि मला सांगा, पोहायला कुठं उतराल? दोन्हीकडं लाटा फुटतायत, फेस आहे, आणि मधे एक पट्टा शांत, जरा गडद, लाट फुटतच नाहीये. कोणीही म्हणेल तिथं. तोच रिप करंट. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जाणार ना, ते या खोल पट्ट्यातून जोरात आत जातं आणि माणसालाही नेतं. लाट फुटत नाही कारण तिथं खोल आहे. हे कळल्यावर पुढचा अर्धा तास आमच्यातलं प्रत्येक जण पाण्यात रिपच शोधत होतं. जानेवारी २०२३ मध्ये इथं दोन भारतीय तरुण बुडाले. आपल्याकडून येणाऱ्यांपैकी कित्येकांना तलावात किंवा पूलमध्ये पोहता येतं, पण हा समुद्र वेगळा आहे, आणि हे व्हिडिओत सांगायचंच असं आम्ही ठरवूनच आलो होतो.

लाइफगार्ड असताना लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं, झेंडे नसतील तर पाण्यात जायचंच नाही, घोट्याएवढ्या पाण्यातसुद्धा समुद्राकडं पाठ फिरवून उभं राहायचं नाही. रिपमध्ये सापडलात तर किनाऱ्याकडं जीव तोडून पोहू नका, आधी पाठीवर तरंगत शांत व्हा, मग हात वर करा, आणि रिपबरोबर वाहत राहा, पुढं जाऊन तिचा जोर ओसरतो. इथला सर्फ लाइफ सेव्हिंग क्लब १९३४ पासून आहे आणि तिथं झेंड्यांखाली उभी असलेली पोरंपोरी बरीचशी स्वयंसेवक आहेत.

जायचं असेल तर काही गोष्टी. उन्हाळा म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, डिसेंबरमध्ये कड्यांवर पोहुतुकावा नावाचं झाड लाल फुलतं आणि दिवस साडेआठच्या पुढं मावळतो, त्यामुळं दुपारची ट्रिप घेतली तरी भरपूर उजेड मिळतो. उन्हाळ्यातही विंडचीटर हवाच. फेब्रुवारी २०२३ च्या गॅब्रिएल चक्रीवादळात या पट्ट्यात दरडी कोसळल्या होत्या, तेव्हा बुकिंग करताना कुठला ट्रॅक उघडा आहे आणि नेमकं कुठं नेणार हे विचारून घ्या. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर तेही आधीच सांगा, बोर्डवॉकचा छोटा फेरा त्यांना जमण्यासारखा असतो. आणि भारतातून ट्रेकिंगचे बूट आणत असाल तर ते घरीच घासून, धुऊन, कडकडीत वाळवून बॅगेत भरा आणि ऑकलंड एअरपोर्टवर फॉर्ममध्ये न विसरता डिक्लेअर करा, तिथले अधिकारी तळवे तपासतात.