क्रॅम्प्टनचे इंजिन आणि एक चुकीचे गृहीतक

मित्रहो, क्रॅम्प्टनच्या एक्सप्रेस इंजिनांविषयी बोलण्यापूर्वी माझी एक जुनी तक्रार आपल्यापुढे मांडतो. रेल्वेचा इतिहास आपण बहुधा इंग्रजी पुस्तकांतून वाचतो, आणि त्यामुळे जे इंग्लंडात चालले नाही ते कुठेच चालले नाही, असा आपला समज होतो. थॉमस रसेल क्रॅम्प्टन या इंग्रज अभियंत्याची बोळवणही मग ‘फसलेला प्रयोग’ एवढ्या दोन शब्दांत होते. फ्रान्समध्ये मात्र ‘क्रॅम्प्टनने जाणे’ म्हणजे जलद गाडीने जाणे, असा वाक्प्रचारच रूढ झाला होता, आणि १८५५ मध्ये त्या देशाने या माणसाला ‘लेजियों दॉनर’ हा सन्मान दिला.

क्रॅम्प्टनने १८४२ मध्ये पेटंट घेतले, त्यामागे त्या काळची एक भीती होती. वेग हवा तर चालकचाके, म्हणजे वाफेच्या जोराने फिरून गाडी ओढणारी चाके, मोठी हवीत. चाके मोठी केली की त्यांच्या आसावरचा बॉयलर उंच जातो. आणि कडब्याने उंच भरलेली बैलगाडी जशी कलंडते तसे इंजिनही कलंडेल, असे जाणत्या अभियंत्यांनाही वाटे. क्रॅम्प्टनने तो आस उचलून थेट भट्टीच्या मागे नेला. बॉयलर खाली उतरला, आणि ड्रायव्हर व फायरमन दोन महाकाय चाकांच्या मधोमध उभे राहू लागले. फ्रान्सच्या नॉर्ड कंपनीने १८४९ पासून वापरलेल्या इंजिनांची चालकचाके सुमारे २.१ मीटर व्यासाची होती, म्हणजे एका फेऱ्यात साडेसहा मीटरांहून अधिक अंतर तोडले जाई. १८५२ चे ‘ल काँतिनाँ’ म्यूलूझच्या रेल्वे संग्रहालयात आजही उभे आहे. त्याचे चित्र पाहिले तरी ही रचना चटकन ध्यानात येते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी अध्यक्षांकडून आली आहे, तेव्हा ज्यासाठी आपण जमलो तो मुद्दा थोडक्यात सांगतो. क्रॅम्प्टनचे गृहीतक चुकीचे होते. उंच बॉयलरचे इंजिन स्प्रिंगांवर किंचित डोलते आणि रुळांना बसणारे आडवे धक्के उलट सौम्य होतात, हे पुढे सिद्ध झाले. त्याच्या यंत्राचे खरे बळ दुसरीकडे होते: वाफेचे रुंद मार्ग, ऐसपैस बेअरिंगे आणि बाहेरून सहज हाताळता येणारे भाग. मागच्या चाकांवर भार कमी पडल्याने जड गाडी ओढताना ती घसरत, ही उणीव मोठी होती, आणि गाड्या जड होत गेल्या तशी ही इंजिने मागे पडली.

तरीही १८९० मध्ये फ्रान्सच्या एस्त कंपनीच्या एका जुन्या क्रॅम्प्टनने चाचणीत ताशी १४४ किलोमीटरचा वेग गाठला, आणि त्या वेळी त्याच्यावर एकावर एक अशा दोन नळकांड्यांचा, मुद्दाम उंच केलेला बॉयलर बसवलेला होता.