गावाचा पहारा आणि गावाची बातमी

[दृश्य : पहाटेचा उजेड. ओढ्याकाठची विहीर, उघडी पडलेली स्टार्टरची पेटी.]

पिकाला पाणी द्यायला आलेल्या शेतकऱ्याला पहाटे पेटी उघडी दिसते. मोटरीपर्यंत गेलेली केबल कापून नेलेली असते, आणि ओढ्यात थोडे खाली उतरले की तिचे आवरण जाळून तांबे काढून घेतल्याची काळी राख सापडते. महाराष्ट्राच्या बागायती पट्ट्यात ही चोरी इतकी नित्याची झाली आहे की तिची बातमी शेजारच्या वस्तीपलीकडे सहसा जात नाही. पोलीस ठाणे दूर असते, केबलची किंमत काही हजारांची असते आणि पाण्याची पाळी चुकली तर उभे पीक हातचे जाते, म्हणून शेतकरी उसनवारीने नवी केबल आणतो आणि फिर्याद देण्याचे राहून जाते. पुढे त्याच ओढ्यावरच्या आणखी काही विहिरींवर हेच घडते. ठाण्यातील नोंदवह्या पाहिल्या तर मात्र त्या शिवारात काहीही घडलेले नसते.

लहान गावातील गुन्हा रोखण्याचा विचार येथून सुरू करावा लागतो. दोन-तीन हजार वस्तीच्या गावात रोज पोलीस दिसत नाहीत आणि दिसावेत अशी अपेक्षाही कोणी ठेवत नाही. तेथील सुरक्षितता मुख्यतः बातमीवर अवलंबून असते. काय घडले हे कोणाला कळले, त्याने ते कोणाला सांगितले, किती वेळात सांगितले आणि सांगण्यापूर्वी त्याची खात्री केली की नाही, या चार प्रश्नांची उत्तरे गावागणिक बदलतात, आणि गाव सुखरूप राहते की नाही हेही बहुतेक वेळा त्यांवरच ठरते.

जुन्या काळी गावाने यासाठी स्वतःची माणसे नेमलेली होती. पाटलाच्या हाताखाली जागल्या असे. कोठे ते काम रामोशी करीत, कोठे भिल्ल, तर कोठे महार. पेशवाई संपल्यानंतर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टन यांनी 1819 साली दख्खनच्या कारभारावर जो अहवाल लिहिला, त्यात या जागल्याच्या कामाचे वर्णन आहे. गावात कोण आले, कोण गेले, कोणाची वागणूक कशी आहे, यावर त्याची नजर असे. चोरी झाली की तो पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जाई आणि तेथे तो माग पुढच्या गावाच्या जागल्याच्या स्वाधीन करी. माग आपल्याच शिवेत हरवला तर चोरीची भरपाई करण्याची पाळी येऊ शकत असे. ही व्यवस्था जातीच्या उतरंडीवर उभी होती आणि ती परत आणावी असे कोणीही म्हणणार नाही. परंतु तिच्यातील एक तत्त्व आजही विचारात घेण्यासारखे आहे. गुन्ह्याची बातमी शिवेवर थांबत नसे. ती पुढच्या गावाला अधिकृतपणे सोपवली जात असे आणि तिच्यासाठी कोणीतरी एक माणूस जबाबदार असे.

[दृश्य : गावातील चावडी. टेबलावर नोंदवही, भिंतीवर सूचनाफलक.]

आज ती जबाबदारी पोलीस पाटलांकडे आहे. वंशपरंपरेने चालत आलेली पाटीलकी 1962 च्या कायद्याने संपुष्टात आली आणि महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 या कायद्याने पोलीस पाटील या पदाला आजचे स्वरूप दिले. उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे ज्यांना गावकरी प्रांतसाहेब म्हणतात, ते ही नेमणूक करतात. उमेदवार त्याच गावचा रहिवासी असावा लागतो, किमान दहावी उत्तीर्ण असावा लागतो आणि त्याला लेखी परीक्षा व मुलाखत द्यावी लागते. अनेक गावांत आता महिला पोलीस पाटील आहेत, आणि घरातील हिंसाचाराची जी गोष्ट पुरुषाला सांगताना बाई अडखळते, ती त्यांच्यापर्यंत लवकर पोहोचते. दरमहा मानधन 2024 साली वाढवून 15,000 रुपये करण्यात आले. त्यापूर्वी ते 6,500 रुपये होते, आणि कामाचे स्वरूप पाहता ते फारच अपुरे होते असे म्हटले पाहिजे.

पोलीस पाटलांच्या अंगावर गणवेश नसतो आणि हातात काठीही नसते, परंतु गावात संशयास्पद मृत्यू झाला, बेवारस वाहन सापडले, दोन भावकींत बांधावरून हाणामारी होण्याची लक्षणे दिसू लागली किंवा यात्रेच्या आदल्या दिवशी मिरवणुकीच्या मार्गावरून कुरबूर सुरू झाली, की ठाण्याला पहिली वर्दी, म्हणजे खबर, त्यांनीच द्यायची असते. पोलीस येईपर्यंत घटनास्थळी कोणी काही हलवणार नाही याची काळजीही त्यांनाच घ्यावी लागते. गर्दीने तुडवलेल्या अंगणातून पावलाचा किंवा बोटांचा ठसा उचलता येत नाही. घरफोडीनंतर शेजारीपाजारी सहानुभूतीपोटी घरभर फिरतात, कपाट उघडून पाहतात, सांडलेले सामान आवरूनही ठेवतात, आणि तपासाचा निम्मा आधार तेथेच नाहीसा होतो. अशा वेळी उंबऱ्यावर उभे राहून आपल्याच माणसांना बाहेर थांबवण्याचे काम सोपे नसते, कारण उद्या त्याच माणसांबरोबर गावात राहायचे असते.

ठाण्याच्या बाजूनेही ही साखळी समजून घ्यायला हवी. वर्दी आली की ठाणे अंमलदार तिची नोंद घेतात, संबंधित बीट अंमलदारांना, म्हणजे हद्दीतील त्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसांना, कळवतात आणि रात्रीची गस्त कोणत्या रस्त्याने न्यायची याचा विचार आलेल्या नोंदींवरून होतो. ज्या शिवारातून नोंदच नाही, त्या शिवाराकडे गस्तीची गाडी वळण्याचे काही कारण उरत नाही. म्हणून केबलच्या चोरीचीही फिर्याद द्यावी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती तोंडी देता येते. ती लिहून घेऊन फिर्यादीला वाचून दाखवली जाते आणि तिची प्रत विनामूल्य दिली जाते. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी माहिती घ्यावीच लागते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून ती पाठवली असेल तर तीन दिवसांत सही करावी लागते. ठाण्याने नोंद घेण्यास नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी दाद मागता येते. हे अधिकार ग्रामपंचायतीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावलेले असावेत, कारण ठाण्याची पायरी चढण्याची भीती हे फिर्याद न देण्याचे मोठे कारण आहे.

[दृश्य : आठवडी बाजाराची गर्दी. पार्श्वसंगीत येथे थांबते.]

बातमी न पोहोचल्याने जसे नुकसान होते, तसे खोटी बातमी वेगाने पोहोचल्याने त्याहून भयंकर घडते. 1 जुलै 2018 हा रविवार होता. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे त्या दिवशी आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण भिक्षा मागण्यासाठी तेथे आले होते. ते मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातले होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवरून सर्वदूर पसरल्या होत्या. एका लहान मुलीशी बोलताना त्यांना कोणीतरी पाहिले, आरडाओरडा झाला, जमाव जमला आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्या पाचही जणांना ठार मारण्यात आले. गावगाडा पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना भिक्षा घालीत आला, त्या समाजाची ही माणसे होती.

या घटनेनंतर त्याच महिन्यात, 17 जुलै 2018 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीसंबंधीच्या खटल्यात निर्देश दिले की प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची समन्वयासाठी नेमणूक व्हावी. तरीही 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचे वाहनचालक जमावाच्या हातून मारले गेले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याची आवई परिसरात उठली होती आणि गावकरी रात्री पहारा देत होते. हा पहारा गाव वाचवण्यासाठीच सुरू झालेला होता. परंतु त्याला खरी बातमी देणारे कोणी नव्हते, समोरचे वाहन कोणाचे आहे हे विचारून खात्री करण्याची काही रीत नव्हती, आणि ज्यांनी गुन्हा रोखायचा त्यांच्याच हातून तो घडला. पोलीस तेथे असूनही त्या तिघांना वाचवता आले नाही.

अनोळखी माणसाविषयीचा संशय सर्वांवर सारखा पडत नाही, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. इंग्रज सरकारने 1871 साली केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांनी कित्येक समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. स्वतंत्र भारतात तो कायदा रद्द होऊन 31 ऑगस्ट 1952 रोजी हे समाज विमुक्त झाले. परंतु गावाजवळ पारध्यांची पालं पडली आणि त्याच आठवड्यात कोठे चोरी झाली, तर आजही पहिले बोट त्यांच्याकडेच दाखवले जाते. ज्या वर्दीत वर्तनाचा उल्लेख नाही आणि केवळ जातीचा आहे, ती वर्दी तपासाला उपयोगी पडत नाही आणि निरपराध कुटुंबाला मात्र उद्ध्वस्त करते. चांगला पोलीस पाटील वेळ लिहितो, वाहनाचा क्रमांक लिहितो, माणूस काय करीत होता ते लिहितो, आणि पालावर स्वतः जाऊन चौकशी करतो.

2024 च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आणि मराठवाड्यात रात्रीच्या आकाशात ड्रोन दिसू लागले. चोर ड्रोनने घरांची टेहळणी करीत आहेत अशी बोलवा झाली आणि गावेच्या गावे जागू लागली. अशा वेळी अनेक गावांना ग्राम सुरक्षा यंत्रणेचा आधार वाटला. या यंत्रणेत नोंदवलेल्या भ्रमणध्वनींवर एकाच वेळी फोन जातो आणि प्रत्यक्ष घटना पाहणाऱ्या माणसाचा आवाज सर्वांना ऐकू येतो. संदेश कोणी दिला हे उघड असते, तो कोणत्या गावातून आला हे कळते, आणि ठाणेही त्याच साखळीत असते. कोठून आली ते ठाऊक नसलेली चित्रफीत पुढे ढकलणे आणि आपल्या नावाने, आपल्या आवाजात बातमी देणे यांत जबाबदारीचा फरक आहे. त्याच्या जोडीला राज्यभर 112 हा क्रमांक आहे. पहाऱ्यावरच्या तरुणांनी वाहन अडवण्याआधी हा क्रमांक लावावा, वाहनाचा क्रमांक सांगावा आणि लांबूनच लक्ष ठेवावे, एवढी शिस्त ग्रामरक्षक दलाने पाळली तर अनर्थ टळतो.

[दृश्य : दुपारची निर्जन गल्ली, ओसरीवर बसलेल्या आजी.]

काही बातम्या मात्र चोरी होण्याच्या आधीच घरोघरी पोहोचायला हव्यात. भांडी आणि दागिने उजळून देतो असे सांगत दुपारी येणारे दोघे जण पावडर लावण्याच्या निमित्ताने सोने उतरवून घेतात. बाजाराच्या रस्त्यावर साध्या वेशातील तोतये स्वतःला पोलीस म्हणवतात, पुढे खून झाला आहे, दागिने रुमालात बांधून ठेवा असे सांगतात, आणि रुमालात दगड बांधून देतात. खरे पोलीस रस्त्यात कोणाला दागिने काढायला सांगत नाहीत. तालुक्यातील एका गावात असा प्रकार घडला की दुसऱ्या गावच्या पोलीस पाटलांनी त्याच संध्याकाळी तो मंदिराच्या ध्वनिक्षेपकावरून सांगावा. जुन्या दवंडीचे काम हा ध्वनिक्षेपक चांगले करतो.

ऊस किंवा सोयाबीनचे पैसे बँकेत जमा होण्याच्या हंगामात खात्याची माहिती अद्ययावत करण्याच्या बहाण्याने ओटीपी मागणारे फोन येतात. पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ झाल्याची भीती घालणारेही फोन येतात, आणि अशी कोणतीही अटक आपल्या कायद्यात नाही. पैसे गेल्याचे कळताच 1930 या क्रमांकावर कळवले तर रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता असते. त्यासाठी व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी लागते. फसलेला माणूस बहुधा लाजेने दोन दिवस घरातही बोलत नाही, म्हणून पोलीस पाटलांनी ग्रामसभेत हा क्रमांक सांगताना, त्याच दिवशी आपल्याकडे यावे आणि ही गोष्ट चारचौघांत जाणार नाही, असा शब्दही गावाला द्यावा.